हे बरं की ते बरं?

मंगळवार, २

काचा पुरवणारी कंपनी दरवर्षी एक जाडजूड दैनंदिनी फुकट देते आणि दरवर्षी ती काउंटरच्या डुगडुगणाऱ्या पायाखाली जाते. यंदा मात्र तिच्यात लिहायला बसलोय, कारण आज एका बाईंनी माझ्या डोक्यात किडा सोडला.

सकाळी त्या आपला चष्मा न्यायला आल्या, तेव्हा ठकू माझ्या मांडीवर होती. ठकू म्हणजे आमची मुलगी, वय पाच महिने. ही वर घरात आंघोळीला गेली होती, सासूबाई कपडे वाळत घालत होत्या, म्हणून पोरगी खाली दुकानात माझ्याकडे. तिला मांडीवर घेतलं की ती माझ्या चष्म्याची डावी काडी ओढून तोंडात धरते आणि चावत बसते. चावून चावून काडीवरचं प्लास्टिक निघालंय, मी त्यावर चिकटपट्टी गुंडाळलीय. चष्मा तिरका होतो, काम होत नाही, निळ्या कोटाच्या बाहीवर लाळेचे नकाशे उमटतात. बाईंनी थोडा वेळ हे पाहिलं आणि विचारलं, "काय मग, बाँडिंग झालं का बाळाशी?"

आमच्या धंद्यात बाँडिंग म्हणजे एका काचेवर दुसरी काच चिकटवणं. मी म्हटलं, हल्ली ते कोणी करत नाही, अख्खा दुहेरी नंबर एकाच काचेत येतो. बाई माझ्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी मला समजावून सांगितलं की मूल आणि बाप यांच्यात एक भावनिक बंध असतो, तो पहिल्या वर्षात घट्ट झाला नाही तर जन्मभर सैल राहतो. त्यांच्या भाच्याने तर त्यासाठी शिकवणीच लावली होती. तुम्ही काय करता, असं विचारल्यावर मी म्हटलं, मांडीवर घेतो. त्या म्हणाल्या, "एवढंच?"

हे 'एवढंच' दिवसभर कानात माशीसारखं गुणगुणत होतं. संध्याकाळी हिला विचारलं. ती म्हणाली, बरं चाललंय की तुमचं दोघांचं. आता हे काय उत्तर झालं? बरं चाललंय असं गिऱ्हाईकही म्हणतं, आणि खुर्चीत बसवलं की नंबर दोनाने वाढलेला निघतो.

गुरुवार, ४

शिकवणी लावली. फोनवर बघायची आणि ऐकायची. एक मार्गदर्शिका आहेत, पांढऱ्या पडद्यापुढे बसून अत्यंत हळू बोलतात. त्यांना स्वतःला मूल आहे का, असं सासूबाईंनी विचारलं. मी म्हटलं, आई, मोतीबिंदू काढणाऱ्या डॉक्टरला स्वतःला मोतीबिंदू असायला हवा का? त्या म्हणाल्या, "नाही, पण डोळे असायला हवेत." सासूबाईंना प्रत्येक गोष्टीत आपली फोडणी घालायची सवय आहे.

शिवाय मला हे सगळं करणं भाग आहे. पुढच्या महिन्याच्या एक तारखेला ही पुन्हा प्रयोगशाळेत कामावर जाणार. सासऱ्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, त्यामुळे सासूबाई या तीसलाच आपल्या गावी परतणार. मग ठकू दिवसभर दुकानात माझ्याजवळ राहायची, हे तिच्या जन्माआधीपासून ठरलंय. नातं सैल असलेल्या बापाजवळ पोरगी राहील कशी?

पहिला धडा डोळ्यांचा. बाळाला तुमचे डोळे थेट दिसले पाहिजेत, मध्ये काचेची भिंत नको. मी शाळेत जायला लागल्यापासून चष्मा लावतोय, नंबर उणे नऊ. आजवर शेकड्यांनी कॉन्टॅक्ट लेन्स विकल्या, स्वतःच्या डोळ्यात एकही घातली नव्हती. आज घातल्या. डोळे टोमॅटोसारखे लाल झाले, पण भिंत पडली. जुना चष्मा खणात टाकला. वर गेलो तर सासूबाई ठकूला म्हणाल्या, "कोण गं पाहुणे आले आज?" ठकूने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मार्गदर्शिकांच्या मते दीर्घ दृष्टिभेट हे उत्तम लक्षण आहे.

रविवार, ७

दुसरा धडा ओठांचा. बाळ ओठांच्या हालचालींवरून प्रेम वाचतं. माझे ओठ मिशीच्या छपराखाली राहतात. ही मिशी मी लग्नाच्या आधीपासून सांभाळलीय, तरी मुलीसाठी माणूस काय करत नाही? न्हाव्याने दोनदा विचारलं, नक्की ना?

हिने दार उघडलं आणि विचारलं, "परत कधी येतील?" तिला मिशा म्हणायच्या होत्या. सासूबाईंचं आपलं तेच, कोण पाहुणे. ठकूचा खालचा ओठ आधी थरथरला, मग तिने असा काही भोंगा पसरला की शेजारचे येऊन विचारून गेले.

मार्गदर्शिकांना लेखी विचारलं. उत्तर आलं, घाबरू नका, बंध उलगडतोय, घडी मोडताना सुरकुती दिसणारच. जीव भांड्यात पडला.

बुधवार, १०

तिसरा धडा आवाजाचा. बापाचा स्वर तरंगता हवा. माझा स्वर म्हणे आज्ञा देणारा आहे. खरं आहे, दिवसभर माझ्या तोंडी एकच जप: खालची ओळ वाचा, दिसतंय का, हे बरं की ते बरं? आता तो घरात बंद. त्याऐवजी मार्गदर्शिकांनी दिलेलं वाक्य म्हणायचं: माझ्या चिमुकल्या जीवा, मी तुझा निवारा आहे.

सकाळभर म्हटलं. ठकू सकाळभर रडली. मध्येच काचवाल्याचा फोन आला, त्याने पुन्हा चुकीच्या नंबरच्या काचा पाठवल्या होत्या. मी पाठ फिरवून त्याला माझ्या नेहमीच्या आवाजात चांगला फैलावर घेतला. तेवढा वेळ पोरगी चिडीचूप. एकदा तर हसल्यासारखा आवाजही आला, पण ती बहुधा उचकी असावी. फोन ठेवला, वळलो, हळुवारपणे 'माझ्या चिमुकल्या' एवढंच म्हटलं, की पुन्हा सुरू. मुलगी भांडकुदळ निघणार असं दिसतंय. आमच्याकडून नाही हे आलेलं.

शनिवार, १३

आज वास. केसांचं तेल, दाढीनंतरचं पाणी, नेहमीचा साबण, सगळं बंद. शिवाय गडद रंगाने बाळाचं मन बिथरतं, म्हणून निळा कोट खुंटीला आणि अंगात सायीच्या रंगाचा सदरा. एका गिऱ्हाइकाने मला विचारलं, मालक कुठे गेलेत?

आता माझ्यात बाळाला खटकावं असं काहीही उरलेलं नाही. चष्मा नाही, मिशी नाही, वास नाही, रंग नाही, आवाज जवळजवळ नाही. तरी ठकू माझ्याकडे येत नाही. मी हात पुढे केले की ती आजीच्या खांद्यात तोंड खुपसते आणि एका डोळ्याने मी गेलो का ते बघते.

पूर्वी यायची. पण तेव्हा बंध नव्हता, नुसतीच सवय होती.

सोमवार, १५

आज जे झालं ते लिहावं की नाही असं वाटतंय.

सासूबाई ठकूला घेऊन दुकानातून बाहेर फिरायला निघाल्या होत्या. दाराशी आमचा पुठ्ठ्याचा माणूस उभा असतो, फ्रेमच्या कंपनीने जाहिरातीसाठी दिलेला. जाड काळी फ्रेम, झुपकेदार मिशा, निळा कोट, चेहऱ्यावर बावळट हसू. ठकूने त्याला पाहिलं आणि ती हसली. नुसती हसली नाही, दोन्ही हात पुढे करून त्याच्याकडे झेपावली. पुठ्ठ्याकडे. मी तीन हातांवर उभा होतो, सायीच्या रंगाच्या सदऱ्यात.

सासूबाई म्हणाल्या, "तिला ओळखीचा वाटतोय बिचारा." मी म्हटलं, कसला ओळखीचा, तिच्या जन्माआधीपासून उभा आहे तो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि पदर सारखा केला.

मला पुठ्ठ्याचा हेवा वाटला, हे कबूल करायला लाज वाटते. त्या गेल्यावर मी त्याला काउंटरमागे नेऊन भिंतीकडे तोंड करून उभा केला.

गुरुवार, १८

जेवताना सासूबाईंनी विषय काढला. इकडची तिकडची प्रस्तावना न करता म्हणाल्या, "जावईबापू, राग मानू नका. ठकूला मी घेऊन जाते. सहा महिने. चालायला लागली की आणून सोडते."

मी हिच्याकडे पाहिलं. हिने ताटात बोट फिरवलं. मी म्हटलं, तिची आई इथे, बाप इथे, आणि पोरगी परगावी? ही हळूच म्हणाली, "ती तुझ्याकडे बघितलं तरी रडतेय. तिला दिवसभर रडत ठेवून मी कामावर कशी जाऊ? आणि काम सोडलं तर परत मिळणार नाही, हे तुलाही माहीत आहे."

माहीत आहे.

शेवटी असं ठरलं की एकोणतीसला सकाळभर ठकू माझ्याजवळ दुकानात राहील. या दोघी बाहेर जातील. राहिली तर राहिली, नाहीतर तीसच्या गाडीने आजीबरोबर. ठरवताना सगळे इतके समजूतदारपणे बोलत होते की मला ओरडावंसं वाटलं, पण माझा स्वर तरंगता ठेवायचा असल्यामुळे ओरडलो नाही.

रविवार, २१

मार्गदर्शिकांना सगळं कळवलं. त्या म्हणाल्या, अवरोध बाळात नाही, तुमच्यात आहे. तुमचा तुमच्या वडिलांशी बंध कसा होता, ते शांत बसून आठवा.

शांत बसलो. काही आठवेना. वडील हेच दुकान चालवायचे. बंध वगैरे शब्द त्यांच्या काळात नव्हते. प्रेमाने चार शब्द बोलल्याचंही आठवत नाही. दुपारी गिऱ्हाईक नसलं की मला मांडीवर बसवायचे आणि समोरचा तक्ता वाचायला लावायचे, बस. मला अक्षरओळख नव्हती तेव्हापासून. त्यांच्या कोटाला काचा घासायच्या पावडरीचा वास यायचा. ते पट्टी दाखवायचे, मी ओरडायचो. शेवटची ओळ अजून मला डोळे मिटूनही म्हणता येते.

थोडक्यात, बंध शून्य. तसं कळवून टाकलं. त्या म्हणाल्या, बघा, सापडलं मूळ.

बुधवार, २४

हिने ठकूचे कपडे बाजूला काढायला घेतलेत. मी विचारलं, आत्तापासून? म्हणाली, धुऊन ठेवतेय नुसते. मग घडी घालता घालता एक टोपडं हातात धरून बसून राहिली. मी तिच्याशेजारी बसलो.

शुक्रवार, २६

आरशापुढे निवाऱ्याचं वाक्य घोटत होतो. डोळे लाल, तोंड सपाट, अंगात ती साय. क्षणभर मलाच वाटलं, हा कोण? मग लक्षात आलं, सदरा अजून थोडा फिका हवा.

दाढीसुद्धा करावीशी वाटत नाही. मिशीच्या जागी खुंट आलेत. एकोणतीसला सकाळी करेन.

सोमवार, २९

शांतपणे लिहायचा प्रयत्न करतो.

सकाळी या दोघी बाहेर पडल्या. ठकूला तिच्या टोपलीसकट तपासणीच्या खोलीत आणलं, कारण तिथे अंधूक उजेड असतो आणि मार्गदर्शिकांना अंधूक उजेड आवडतो. मी वाक्य म्हणायला सुरुवात केली. ठकूने माझ्याकडे पाहिलं आणि दूध माझ्या फिक्या सदऱ्यावर उलटून टाकलं. कोरडं काही हाताशी नव्हतं, खुंटीवरचा निळा कोट चढवला. ती रडायला लागली. दाढी राहूनच गेली होती. तिला उचलताना तिची मूठ माझ्या डोळ्यावर बसली आणि एक लेन्स निघून कुठे तरी पडली. शोधायला वाकलो तर माझ्याच बुटाखाली सापडली. एका डोळ्याने जग स्वच्छ, दुसऱ्याने धुकं, त्यात ती आक्रोश करतेय. शेवटी दुसरीही लेन्स काढली आणि खणातून तो जुना, चिकटपट्टी लावलेला चष्मा काढून नाकावर चढवला. डोळ्यांना जे बरं वाटलं ते काय सांगू. पण मनात म्हटलं, संपलं. पहिल्या धड्यापासून सगळं वाया गेलं.

नेमके तेव्हाच एक आजोबा आले. त्यांचा नंबर तपासायचा होता, आणि ते ठार बहिरे. मी म्हटलं, उद्या या. ते म्हणाले, हो, बसतो की. आणि खुर्चीत बसले. त्यांच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवली, तक्त्याचा दिवा लावला आणि कोमल स्वरात विचारलं, दिसतंय का? ते म्हणाले, काय?

मग माझा बांध फुटला. पोरगी चाललीय उद्या, आणि हे नुसते 'काय? काय?' करतायत. मी छातीच्या तळापासून ओरडलो, "खालची ओळ वाचा! दिसतंय का? हे बरं, की ते बरं?"

खोलीत शांतता झाली. आजोबा विचार करत होते. पण रडणंही थांबलं होतं.

मी वळून पाहिलं. ठकू टोपलीतून माझ्याकडे बघत होती. डोळ्यांत पाणी तसंच, पण तोंड उघडं राहिलेलं, हरवलेली वस्तू खाटेखाली सापडावी तसं. मी जवळ गेलो. वाक्य म्हणायचं सुचलंच नाही, सवयीने हळूच म्हटलं, हे बरं की ते बरं? तिने दोन्ही हात वर केले.

मी तिला उचललं. तिने सरळ डावी काडी धरली, ओढली आणि तोंडात घातली. चष्मा माझ्या नाकावरून गेला आणि सगळं धुकं झालं. माझ्या नंबरच्या माणसाला चष्म्याशिवाय पंजाएवढ्या अंतरावरचंच काय ते स्वच्छ दिसतं. म्हणून मी तिचा चेहरा तेवढा जवळ आणला. पापणीला अडकलेला एक थेंब, नाकाच्या शेंड्यावर दुधाचा ठिपका, आणि काडी चावता चावता पसरलेलं बोळकं. इतक्या दिवसांत तिला मी इतकं जवळून पाहिलंच नव्हतं, मी सारखा दीर्घ दृष्टिभेटीच्या अंतरावर उभा होतो. मला रडू आलं. मी ते पुसलं नाही, हात रिकामे नव्हते. माझी पोरगी माझ्या कोटाची बाही लाळेने भिजवत होती आणि जगात मला दुसरं काहीही नको होतं.

मागून आजोबा मोठ्याने म्हणाले, "पहिलंच बरं होतं!"

मी त्यांना म्हटलं, घाईत सांगू नका, पुन्हा एकदा बघू. पण ते ठाम होते. त्यामुळे त्यांचा जुनाच नंबर कायम ठेवला.

मंगळवार, ३०

सासूबाई गेल्या, एकट्या. ठकूचे धुतलेले कपडे पुन्हा कपाटात गेले. ते लावताना ही गुणगुणत होती, आणि मग माझ्याजवळ येऊन माझ्या ओठावरच्या खुंटांवरून बोट फिरवून गेली.

मार्गदर्शिकांना आभाराचा निरोप धाडला. बंध जमायला उशीर लागतो, पण जमला की एकदम जमतो, हे त्यांचं म्हणणं अक्षरशः खरं ठरलं. कोणत्या धड्याचा गुण आला असं त्यांनी विचारलंय. माझ्या मते वासाच्या. पुढचा वर्गही लावावा का, असं हिला विचारलं, तर तिने खणातून चिकटपट्टी काढून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, काडी नीट गुंडाळ, पोरीच्या तोंडात टोचेल.

पुठ्ठ्याच्या माणसाला पुन्हा दाराशी सरळ उभा केला. ठकूने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. लहान मुलांच्या मनाचा काही भरवसा नाही.

एक लिहायचं राहिलं. काल या दोघी परत आल्या तेव्हा मी काउंटरमागे बसलो होतो. अंगात निळा कोट, मांडीवर ठकू, चष्मा तिच्या तोंडात. ही दारातच थांबली आणि हातातली पिशवी तिने खाली ठेवली. सासूबाई पुढे आल्या, माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, "आलात वाटतं घरी."

मी म्हटलं, आई, मी सकाळपासून इथेच आहे, तुमच्यासमोर तर इथे बसलो. त्या नुसत्या हसल्या आणि डोळे पुसत वर निघून गेल्या.

वय झालंय त्यांचं. पुढच्या खेपेला आल्या की एकदा खुर्चीत बसवून नंबर तपासायला हवा.